क्रीम कोणाकडून घेताय, आणि बिल आहे का?

पोस्ट मोठी आहे, आधीच सांगते. पण ज्यांच्या घरात वयात आलेल्या मुली आहेत, कोणाचं लग्न ठरलंय किंवा जे कोणी ओळखीतून "खास" नाईट क्रीम आणून लावतायत त्यांनी प्लीज पूर्ण वाचा. मी फार्मसिस्ट आहे, दिवसभर मेडिकलच्या काउंटरला असते आणि लग्नसराई आली की या विषयावर रोज कोणाशी ना कोणाशी बोलावंच लागतं.

सगळ्यांचं एकच म्हणणं असतं, ऑनलाईन डुप्लिकेट माल येतो बाई, त्यापेक्षा ओळखीच्या माणसाकडून घेतलेलं बरं. माझं मत बरोब्बर उलटं आहे. ओळख आहे म्हणूनच आपण काही विचारत नाही. पार्लरवाली ताई चांगली आहे, आपल्या आईच्या वयाची आहे, व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डर घेणारी वहिनी तर नात्यातली, तिला बिल कसं मागणार! पण ती माणसं चांगली असली तरी त्यांना तो माल कोण आणून देतं? महिन्यातून एकदा कोणीतरी पिशवी घेऊन येतो, कॅश घेतो, जातो, त्याचं धड नावही माहीत नसतं. म्हणजे ती ताई खोटं बोलत नाही, तिलाच माहीत नाही की डबीत काय आहे. माणसावरचा विश्वास वेगळा आणि मालाची खात्री वेगळी, आपण या दोन गोष्टींची सरमिसळ करतो आणि सगळी गडबड तिथेच होते.

मध्ये एक मुलगी डबी घेऊन आली, "ताई सेम हीच द्या ना, पार्लरमध्ये संपलीये". डबी हातात घेऊन मी उलटसुलट बघितली. पांढरी प्लॅस्टिकची डबी, सोनेरी अक्षरात नाव, बाहेरचा बॉक्स नाही, खाली बॅच नंबर नाही, एक्सपायरी नाही, कंपनीचा पत्ता नाही, कशापासून बनवली त्याचा एक शब्द नाही. फक्त "रात्री लावा, उन्हात जाऊ नका" एवढंच. आणि तिचा चेहरा बघितला तर गालावरची कातडी इतकी पातळ झालेली की खालच्या लाल बारीक शिरा दिसत होत्या, हनुवटीवर पुरळ, कानाजवळ लव वाढलेली. मी म्हटलं ही क्रीम माझ्याकडे नाही आणि असती तरी दिली नसती, आधी स्किनच्या डॉक्टरांना दाखव. तर म्हणते "पण ताई, पार्लरवाल्या स्वतः पण हीच लावतात". यावर काय बोलणार, मी तिला खुर्चीत बसवलं आणि पंधरा मिनिटं समजावून सांगितलं, तेच इथे लिहितेय.

अशा डब्यांमध्ये बहुतेक वेळा दोनपैकी एक गोष्ट असते, कधीकधी दोन्ही. एक म्हणजे स्टेरॉईड, क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन वगैरे. याने आठ-दहा दिवसात चेहरा उजळतो, पिंपल बसतात आणि बाई खूश. मग त्वचा पातळ होत जाते आणि क्रीम थांबवली की चेहरा लालभडक होऊन आग आग होते, त्यामुळे पुन्हा तीच डबी आणली जाते, आणि हे चक्र वर्षानुवर्षं चालू राहतं. दुसरी गोष्ट म्हणजे पारा. हो, थर्मामीटरमधला पारा, त्याचे क्षार क्रीममध्ये घालतात. त्वचेचा रंग तयार करणारी क्रिया तो अडवतो म्हणून गोरेपणा दिसतो, पण तो कातडीतून रक्तात जातो आणि किडनीत जाऊन बसतो. टॉवेल, उशी आणि घरातल्या हवेतून तो लहान मुलांपर्यंतही पोचतो, त्यांनी क्रीमला हात लावलेला नसला तरी. आपल्याकडे चेहऱ्याच्या क्रीममध्ये पारा मुद्दाम घालायला परवानगीच नाही, चुकून आला तरी मर्यादा दहा लाखात एक भाग.

ही लांबची गोष्ट नाहीये. अकोल्यातल्या एकाच घरातल्या तिघींच्या, आई आणि दोन मुलींच्या, किडन्यांना सूज आली होती आणि मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमध्ये शोध घेतला तेव्हा पारा निघाला, चेहऱ्याच्या क्रीममधून आलेला. केरळात कोट्टक्कलच्या डॉक्टरांनी 2021 ते 2023 मधल्या मेंब्रेनस नेफ्रोपथीच्या, म्हणजे किडनीच्या चाळणीच्या आजाराच्या, 22 केसेस तपासल्या, त्यातल्या 15 जणांमध्ये नेल-1 नावाचा एरवी दुर्मिळ असलेला प्रकार सापडला आणि त्या 15 पैकी 13 जण गोरं करणारी क्रीम लावत होते. हे वाचल्यापासून मी दुकानात कोणी अशी डबी दाखवली की गप्प बसूच शकत नाही.

आता बघायचं काय. औषध विकायला लायसन्स लागतं, पण क्रीम-पावडर विकायला वेगळं लायसन्स लागत नाही, बनवायला आणि आयात करायला लागतं. म्हणून विकणाऱ्याच्या बोलण्यापेक्षा पॅकच्या मागची बारीक अक्षरं वाचा. भारतात बनलेलं असेल तर कंपनीचं नाव-पत्ता, मॅन्युफॅक्चरिंग लायसन्स नंबर, बॅच नंबर, कधीपर्यंत वापरायचं ती तारीख, घटकांची यादी, एमआरपी. बाहेरचं असेल, कोरियन सीरम म्हणा किंवा दुबईवरून आलेली क्रीम, तर आयातदाराचं नाव-पत्ता आणि रजिस्ट्रेशन सर्टिफिकेटचा नंबर छापलेला किंवा स्टिकरवर पाहिजेच. "थेट कोरियावरून मागवते" म्हणणारीच्या डबीवर हे नसेल तर तो माल ओरिजनल आहे की नाही हे तीही सांगू शकत नाही. घटकांमध्ये मर्क्युरी, कॅलोमेल असं काही दिसलं किंवा "सोन्या-चांदीच्या दागिन्यांना लागू देऊ नका" अशी सूचना दिसली तर लगेच बाजूला ठेवा, ती पाऱ्याची खूण आहे.

ऑनलाईन घेऊच नका असं मी म्हणत नाही. अ‍ॅपवर एकाच सीरमचे पाच विक्रेते असतात आणि आपण फक्त किंमत बघतो. खाली विक्रेत्याचं नाव असतं ते उघडा, ब्रँडच्या स्वतःच्या वेबसाईटवर अधिकृत विक्रेते दिलेले असतील तर नाव जुळवून बघा, आणि एमआरपीच्या पाव किमतीत नवाकोरा महागडा ब्रँड मिळतोय तर स्वतःला विचारा हा माणूस कमावतोय कशात. बारकोड स्कॅन झाला म्हणजे खरा माल, हाही गैरसमज आहे, बारकोड छापून घ्यायला काय लागतं. आणि महागड्या सीरमच्या रिकाम्या बाटल्या तशाच भंगारात देऊ नका हो, त्या पुन्हा भरल्या जातात. लेबल फाडा, ट्यूब कापा, बॉक्सचे तुकडे करून टाका.

आमच्या लाईनमधल्या लोकांनाही बोलायलाच पाहिजे. 2018 मध्ये सरकारने स्टेरॉईडच्या कितीतरी क्रीम शेड्यूल एचमध्ये टाकल्या, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय द्यायच्या नाहीत. तरीही कित्येक काउंटरवरून चिठ्ठी न बघता ट्यूब जाते, कारण नाही दिली तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं. जाऊ दे ना! माझी शंभर-दीडशे रुपयांची विक्री गेली तर चालेल, पण एखाद्या पोरीचा चेहरा कायमचा खराब झाला तर त्याचं काय. आणि मुलगी सावळी आहे म्हणून लग्नाच्या चार महिने आधी तिच्या हातात डबी देणाऱ्या आया-मावश्यांनो, तुमचं प्रेम कळतं, पण तिची किडनी पण बघा ना.

आधीच अशी क्रीम लावत असाल तर घाबरून परस्पर एकदम बंद करून घरगुती लेप लावत बसू नका, स्टेरॉईड असेल तर चेहरा उसळतो, त्वचेच्या डॉक्टरांकडे जा आणि डबी सोबत न्या, लाजू नका. पाय-तोंड सुजतंय, लघवीला खूप फेस येतोय असं वाटलं तर लघवीची तपासणी करून घ्या आणि डॉक्टरांना क्रीमबद्दल स्वतःहून सांगा, कारण किडनीच्या पेशंटला चेहऱ्याला काय लावतेस हे सहसा कोणी विचारत नाही. डबी फेकू नका. महाराष्ट्राच्या एफडीएचा, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाचा, टोल फ्री नंबर 1800222365 आहे, ग्राहक हेल्पलाईन 1915, तक्रार करताना डबी आणि असेल तर बिल, दोन्ही जवळ ठेवा. इथून पुढे घ्याल ते बिल घेऊनच घ्या, वहिनीकडून घेतलं तरी.