‘रत्नप्रेमी’ यांना उत्तर (जरा लांबलंय, इलाज नाही)

मागच्या आठवड्यात मी जुन्या माळेतले मणी काचेचे की दगडाचे, हे घरच्या घरी कसं ओळखायचं ते लिहिलं होतं. त्यावर ‘रत्नप्रेमी’ या टोपणनावानं प्रतिक्रिया आली. म्हणणं थोडक्यात असं : अकीक (मण्यांसाठी वापरतात तो रत्नदगड) याच्या घनतेचा आकडा चुकला, लाल अकीक बहुधा तापवलेला असतो हे मी लिहिलं नाही, जुन्या मण्यावर सुईनं ओरखडा काढून बघायचा सल्ला घातक आहे. आणि शेवटी, ‘गावाकडच्या आजीबाईंच्या गोष्टींना रत्नशास्त्र म्हणत नाहीत.’

आकडा चुकला, मान्य. २.६५ चं २.५६ झालं होतं. दुरुस्त केलंय, आभार. रंगाचं म्हणाल तर गुजरातेतल्या खंबातचे कारागीर दगड मडक्यात घालून तापवतात आणि आतल्या लोहामुळे तो लाल होतो, हे मलाही ठाऊक आहे. लेखाचा विषय तो नव्हता. सोडा.

आता ते शेवटचं वाक्य.

साहेब (की ताई, नावावरून कळत नाही), माझी आजी आर्वी तालुक्यातली. कापूस वेचायच्या मजुरीतून तिनं ती माळ ओवून घेतली होती, एकेक मणी निवडून. मणी हातात आला की आधी गालाला लावायची. दगड गार लागतो आणि बराच वेळ गार राहतो, काच लवकर कोमट होते. तुम्ही त्याला उष्णतावहन म्हणाल, ती म्हणायची, ‘गार हाये का नाई पाय.’ मग मणी उजेडाकडे धरून भोकात डोळा घालायची. दगडाला दोन्हीकडून भोक पाडतात, ती दोन भोकं मधे नेमकी जुळत नाहीत, तिथं कंगोरा राहतो. माळेचा दोरा झिजतो तो तिथंच. तारेवर गुंडाळून केलेल्या काचेच्या मण्याचं भोक गुळगुळीत, आणि त्याच्याभोवती गोल गोल रेघा. बाजारातला माळा ओवणारा पटवेकरी तिला मणी दाखवताना दोनदा विचार करायचा. मी त्याच्या पथारीशेजारी बसून हे शिकलोय, सातवीत असल्यापासून. काहून जी, हे शास्त्र नाही?

नागपूरजवळच्या माहुरझरीला प्राचीन काळी अकिकाचे मणी घडत होते. ते घडवणारेही गावाकडचेच असतील, आणि रिफ्रॅक्टोमीटर (रत्न ओळखायचं उपकरण) त्यांच्याकडे नव्हता. तुम्ही कुठून लिहिता मला माहीत नाही, पण ‘गावाकडच्या’ या शब्दाला जो वास येतोय तो ओळखायला आम्हाला भिंग लागत नाही. हेच नीट शब्दांत सांगितलं असतं तर ऐकलंही असतं. चार ओळींत तीन चुका काढायच्या आणि चौथीत आमच्या म्हातारीला मधे आणायचं, ही कुठली रीत?

राहिला ओरखडा. अकिकाची कठिणता मोहसच्या एक ते दहा या मापावर सात. सुईनं त्यावर ओरखडा उठत नाही, काचेवर उठू शकतो. यात चूक काय? घातक-बितक काही नाही. आजीच्या माळेतला एक लाल मणी मीच दिवाळीच्या सुट्टीत सुईनं तपासला होता. बाकी सगळे अकीक, तो एकटा काचेचा निघाला. भोकाशेजारी तांदळाच्या दाण्याएवढी पांढरट रेघ आहे, तीही उन्हात धरली तरच दिसते. म्हणजे परीक्षा बरोबरच ठरली ना? आजी त्या वेळी एवढंच म्हणाली, ‘भोक नाई पायलं का रे आधी?’

आईनं मात्र ती माळ तेव्हाच कपाटात घातली आणि किल्ली अजून मला देत नाही. तो आमच्या घरचा प्रश्न आहे, त्यात तुम्ही पडू नका.