हीटर प्लगवाल्या प्रतिक्रियेला उत्तर

पहाटे थरथरणाऱ्या जुन्या डिझेल पिकअपवरच्या माझ्या लेखाखाली (त्यात तपासायच्या गोष्टींत हीटर प्लग मी चौथ्या नंबरवर ठेवले होते) परवा एका वाचकांची लांबलचक प्रतिक्रिया आली. खाली चार ओळींत उत्तर मावत नव्हतं, म्हणून इथे लिहितोय. त्यातलं मुख्य वाक्य जसंच्या तसं देतो: "मुलुंडला माझी स्वतःची पिकअप आहे, चारही हीटर प्लग बदलले आणि सकाळची थरथर गेली, आता नुसता थोडा पांढरा धूर येतो, एवढी साधी गोष्ट ज्याला माहीत नाही त्याने लोकांना नोझल खोलायला लावून गॅरेजवाल्यांची पोटं भरू नयेत."

साहेब, मतभेद असू द्या, त्याचं वाईट वाटत नाही. पण "पोटं भरू नयेत"? लेखात एकाही गॅरेजचं नाव नाही, पत्ता नाही. मी १९९६ साली कुर्ल्याला एका पंप-नोझलवाल्याकडे हेल्पर म्हणून लागलो. नोझल म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल उडवणारा भाग. दोन वर्षं काम एकच, नोझल डिझेलमध्ये धुवायचं आणि टेस्टिंगचं हँडल दाबायचं. चांगलं नोझल करकरतं आणि धुक्यासारखं उडवतं, खराब झालेलं मुकाट थेंब गाळतं. हे मी कानाने शिकलोय. पुढे अकरा वर्षं स्वतःची पिकअप चालवली. वाशी मार्केटमधून भाजी भरायची, उजाडायच्या आत दादरला टाकायची. थंड इंजिनावर पहाटे तीनला सेल्फ मारणाऱ्या माणसाला "माहीत नाही" म्हणण्याआधी निदान विचारायचं तरी.

आता हीटर प्लग. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवा दाबतो, ती ५०० अंशांच्या वर तापते आणि त्यात उडालेलं डिझेल आपोआप पेटतं. हवा फारच थंड असेल तेव्हा हीटर प्लग, म्हणजे सिलिंडरमध्ये विजेवर तापणारी कांडी, तिला हात देतो. निफाडला जानेवारीत गाडी उभी असेल तर तुमचं म्हणणं मी निम्मं मानेन. मुंबईत कुठली हो एवढी थंडी? सांताक्रूझला नोंदलेलं सर्वांत कमी तापमान ७.४ अंश, तेही २२ जानेवारी १९६२ चं. एरवी आपल्या पहाटा १६-१८ अंशांच्या. जुन्या ट्रकांच्या कितीतरी डायरेक्ट इंजेक्शन (डिझेल थेट पिस्टनच्या डोक्यावर उडवणाऱ्या) इंजिनांना हीटर प्लग नसायचेच, आणि ती याच शहरात वर्षानुवर्षं सुरू होत आली.

मग तुमची थरथर गेली कशी? गेली असेल, मी खोटं म्हणत नाही. तीन लाख किलोमीटरच्या पुढे गेलेल्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या असतात. थंड असताना फट जास्त, सेल्फवर इंजिन हळू फिरतं, दाबलेली हवा निसटते आणि उरलेलीची उष्णता थंड भिंती ओढून घेतात. त्यात नोझल गळकं असलं की डिझेलचे जाड थेंब वेळेवर पेटत नाहीत. तो सिलिंडर मिस मारतो, गाडी हलते. नवे हीटर प्लग इंजिन सुरू झाल्यावरही थोडा वेळ तापत राहतात आणि त्या लंगड्या सिलिंडरला ओढून नेतात. लंगडेपणा तसाच राहतो.

२०११ मध्ये मी नेमकं हेच केलं होतं. गाडी ३ लाख १० हजारांवर, पहाटे हलायची. चार प्लग टाकले, गाडी शांत, मी खूश. तिसऱ्या महिन्यात ऑइल खायला लागली. कम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधल्या हवेचा दाब, मोजलं तर तीन सिलिंडर ४०० पाउंडांच्या आसपास आणि दोन नंबरचा २९० वर. गळक्या नोझलने भिंतीवरचं ऑइल धुऊन काढलं होतं, रिंगा संपल्या होत्या. हेड उतरवावं लागलं, पिस्टन काढावे लागले, सतरा दिवस गाडी उभी. रोजचं भाडं बुडालं, दोन कायमची गिऱ्हाइकं दुसऱ्या टेम्पोवाल्याकडे गेली ती परत आलीच नाहीत. म्हणून लेखात प्लग चौथ्या नंबरवर आहेत. अज्ञानामुळे नाहीत.

एक मान्य करतो. कॉमन रेलच्या (सगळ्या नोझलांना एकाच नळीतून प्रचंड दाबाचं डिझेल देणाऱ्या) गाडीत नळीचा नट ढिला करून सिलिंडर तपासू नका, तिथला दाब कातडी फाडून आत शिरतो, ही सूचना मी लेखाच्या तळाशी टाकली होती. ती वर हवी होती. आज वर घेतली. ईजीआर (धूर परत इंजिनात फिरवणारा व्हॉल्व), इंजिनाचं माउंटिंग आणि फिल्टरमधून हवा घेण्याबद्दल तुम्ही जे लिहिलंत ते सगळं लेखात आहे. प्रतिक्रिया लिहिण्याआधी लेख शेवटपर्यंत वाचावा, एवढी अपेक्षा जास्त नाही.

आणि तो "नुसता थोडा पांढरा धूर". तुम्ही तो सहज लिहून गेलात, मी तिथेच थांबलो. धुराने डोळे चुरचुरत असतील आणि कच्च्या डिझेलचा वास येत असेल, तर ते न जळलेलं डिझेल आहे. कूलंट कमी होत असेल तर गोष्ट वेगळी, मग हेड गॅस्केट बघा. गाडी कॉमन रेलची असेल तर चारही नोझलांच्या रिटर्नला (जादा डिझेल परत नेणाऱ्या नळीला) सारख्या चार बाटल्या लावा आणि इंजिन आयडलवर पाच मिनिटं चालवा. एखादी बाटली बाकीच्यांच्या खूप आधी भरली तर ते नोझल आधी काढा. चारही सारख्या भरल्या तरी नोझलं एकदा बेंचवर उडवून बघा, कारण टोकाची गळती रिटर्नमध्ये दिसत नाही. जे निघेल ते इथेच लिहा. माझं चुकलं असलं तरी मी ती प्रतिक्रिया काढणार नाही, तुमची ही पहिलीही काढलेली नाही.