सांडव्याला ठोकलेल्या फळ्या
खासगी धरणांच्या देखरेखीच्या प्रश्नाविषयी थोडे. २०२१ चा धरण सुरक्षा कायदा १५ मीटरहून उंच आणि काही अटींवर १० ते १५ मीटर उंचीच्या धरणांनाच लागू होतो. त्यामुळे आमच्या वाडीच्या डोक्यावर एका बागायतदाराने घातलेला सात-आठ मीटरचा मातीचा बांध त्यात बसतच नाही. गेल्या श्रावणात त्याच्या पायथ्याशी पाझर दिसला. पाणी नितळ असते तर एवढा घोर नव्हता, पण ते तांबडे, गढूळ येत होते, म्हणजे आतली माती वाहून जात होती. वर, साठा वाढावा म्हणून सांडव्याला, म्हणजे जादा पाणी बाहेर जाण्याच्या वाटेलाच, फळ्या ठोकलेल्या; मग पुराचे पाणी बांधावरूनच जायचे! चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण तर सरकारी होते, गळतीच्या तक्रारीही झाल्या होत्या, तरी २ जुलै २०१९ च्या रात्री ते फुटलेच. निदान त्या फळ्या मिरगाआधी निघाव्यात, एवढीच आमची लेखी मागणी आहे.