साठ लाख परार्ध आणि एक फुगा

नववीतल्या मुलांच्या आईवडिलांवर येणाऱ्या संकटांत रसायनशास्त्रातल्या मोल या संकल्पनेचा क्रमांक बराच वर लागतो, असे माझे ठाम मत आहे. मूलद्रव्यांच्या संज्ञा आणि संयुजा घोकंपट्टीने निभावून नेता येतात. मोल मात्र पाठ होतो आणि तरीही कळत नाही. आपल्याला तो कळलेला नाही हे आमच्या कन्येला पक्के कळत असल्यामुळे जेवणे आटोपली की ती वही घेऊन माझ्यासमोर येऊन बसते.

अशा वेळी सगळे जे सांगतात तेच मीही सांगितले. बारा केळी म्हणजे एक डझन, तसे ६.०२२ गुणिले दहाचा २३ वा घात इतके कण म्हणजे एक मोल, एवढे बोलून मी वर्तमानपत्राकडे हात नेला.

"पण केळीवाला केळी मोजून देतो ना, बाबा? हे कण कोणी मोजले?"

वर्तमानपत्र जागच्या जागी राहिले. डझनाच्या या दाखल्यात खरी खोच आहे ती इथेच, आणि शिकवणारे नेमके तेवढेच गाळतात. केळीवाला आधी मोजतो. रसायनशास्त्रात आधी वजन करतात आणि त्यावरून कण किती असतील ते सांगतात. पाण्याचे रेणुवस्तुमान (म्हणजे रेणूचे तुलनात्मक वजन) १८, म्हणून १८ ग्रॅम पाण्यात एक मोल रेणू. साखरेचे ३४२, म्हणून ३४२ ग्रॅम साखरेत एक मोल रेणू. म्हणजे एकीकडे जेमतेम साडेतीन चमचे पाणी आणि दुसरीकडे पाव किलोहून कितीतरी जास्त साखर, पण रेणूंची शिरगणती केली तर दोन्हीकडे आकडा तोच. (मिठाचा एक मोल ५८.५ ग्रॅमचा, मात्र मिठात रेणू नसतात, सोडियम आणि क्लोराइडचे आयन असतात. ही माहिती मी त्या रात्री शिताफीने दडवून ठेवली.)

शिरगणती करणे मात्र कोणाच्या बापाला शक्य नाही. सेकंदाला एक कोटी या वेगाने मोजत बसले तरी एक मोल कण मोजायला सुमारे १९० कोटी वर्षे लागतील. भास्कराचार्यांनी दिलेल्या संख्यानामांच्या यादीत सर्वांत शेवटी परार्ध येतो, म्हणजे एकावर सतरा शून्ये. त्या मापाने साडेतीन चमचे पाण्यात साठ लाखांहून अधिक परार्ध रेणू भरतात. हे ऐकून मुलगी प्रभावित होईल अशी माझी अपेक्षा होती. "मग आकडा आला कुठून?" एवढेच तिने विचारले.

आकड्याला नाव आहे अ‍ॅव्होगॅड्रोचे, आणि त्या गृहस्थाला हा आकडा आयुष्यभर ठाऊक नव्हता. तो मूळचा कायद्याचा पदवीधर. समान तापमान आणि समान दाब असताना वायूंच्या समान आकारमानांत रेणूंची संख्या समान असते, एवढेच त्याने १८११ मध्ये मांडले. ती संख्या किती, या फंदात तो पडला नाही. पुढे फ्रान्समध्ये जाँ पेरँ याने गॅम्बोज नावाच्या पिवळ्या डिंकाचे एकसारखे सूक्ष्म कण पाण्यात सोडले आणि तळापासून वर जाताना ते कसे विरळ होत जातात, हे सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून अक्षरशः मोजले; त्यावरून गणिताने ही संख्या काढली आणि १९०९ मध्ये तिला अ‍ॅव्होगॅड्रोचे नावही दिले. १९२६ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पेरँला मिळाले, पण पाठ्यपुस्तकात मुलांच्या शिव्या मात्र अजून अ‍ॅव्होगॅड्रोच खातो. शेवटी २० मे २०१९ पासून ६.०२२१४०७६ गुणिले दहाचा २३ वा घात ही संख्या व्याख्येनेच कायम करण्यात आली. त्याआधी १२ ग्रॅम कार्बन-१२ मध्ये जितके अणू तितके म्हणजे एक मोल, असा हिशेब होता.

"हे सगळं करायचंच कशाला? ग्रॅम आहेत की," हा तिचा पुढचा प्रश्न. त्याचे उत्तर तोंडी देण्याचे त्राण माझ्यात उरले नव्हते, म्हणून मी स्वयंपाकघरात शिरलो.

खाण्याच्या सोड्याचा एक मोल ८४ ग्रॅमचा आणि व्हिनेगरमधल्या अ‍ॅसिटिक आम्लाचा ६० ग्रॅमचा. त्यांची अभिक्रिया एकास एक होते आणि एक मोल कार्बन डायऑक्साइड सुटतो. प्रत्येकाचा दहावा हिस्सा घ्यायचा ठरला. पाच टक्क्यांचे व्हिनेगर १२० मिलिलिटर बाटलीत ओतले, म्हणजे आम्ल झाले सुमारे ६ ग्रॅम. सोडा हवा होता ८.४ ग्रॅम, आमच्या काट्याला दशांश चिन्हाची ओळख नसल्यामुळे तो ८ आणि ९ यांमध्ये बराच वेळ घुटमळला. मग सोडा भरलेला फुगा बाटलीच्या तोंडावर ओढून उलटा केला. फसफस होऊन फुगा टरारला, आणि कन्येने शिवणाची टेप आणून त्याचा घेर मापला. दुसऱ्या खेपेला व्हिनेगर तेवढेच ठेवले आणि सोडा दुप्पट घातला. फुगा दुप्पट फुगणार या भीतीने पत्नी कट्ट्यावरचे डबे हलवू लागली. टेपवर फुगा जवळजवळ तेवढाच निघाला.

"आम्ल संपलं!" मुलगी ओरडली, आणि पुढचे तिनेच मला समजावले. कण आपापसांत जोड्या लावतात, त्यांना ग्रॅमशी देणेघेणे नसते. जोडीदार संपले की उरलेला सोडा नुसताच बसून राहतो. काट्याला मात्र ग्रॅमखेरीज काही समजत नाही. म्हणून ग्रॅमला ८४ ने किंवा ६० ने भागायचे, की जोड्या किती लागतील ते कळते. तो परार्धांचा अवाढव्य आकडा या हिशेबात कुठेही लागला नाही, हेही तिच्या लक्षात आले आणि त्याबद्दल माझ्याकडे तिने जरा संशयानेच पाहिले.

पुढच्या चाचणीत प्रश्न आला: एक मोल ऑक्सिजनचे वस्तुमान किती? तिने लिहिले, "अणूंचा मोल असेल तर १६ ग्रॅम, रेणूंचा असेल तर ३२ ग्रॅम, कशाचा ते प्रश्नात सांगितलेले नाही." मोल म्हणताना कण कोणते ते सांगितलेच पाहिजे, हा आंतरराष्ट्रीय एकक पद्धतीचाच दंडक आहे. तपासणाऱ्यांनी १६ ला लाल रेघ मारून "एकच उत्तर लिहावे" असा शेरा दिला आणि अर्धा गुण कापला. त्या अर्ध्या गुणासाठी शाळेत भांडायला मी जायचे की तिच्या आईने, यावर घरात सध्या वाद चालू आहे.