‘डब्ल्यूडब्ल्यूईने गिळलं, विषय संपला’ म्हणणाऱ्या अनामिकांना उत्तर

अनामिक, तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. खाली कमेंटमध्ये उत्तर मावेना म्हणून इथे वेगळं टाकतोय. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो, लंडनच्या प्रोग्रेस रेसलिंग नावाच्या छोट्या कंपनीचा चढ आणि उतार यावर मी लिहिलं होतं. त्यावर यांचं म्हणणं असं, की मी डब्ल्यूडब्ल्यूईला, म्हणजे अमेरिकेच्या त्या अवाढव्य रेसलिंग कंपनीला, उगाच सांभाळून घेतलंय, मोठ्या माशाने छोटा मासा गिळला एवढं एक वाक्य पुरेसं होतं. शिवाय कंपनी आजही चालू आहे, मग पडझड कसली. आणि जाता जाता टोमणा, की आपल्याकडे कोल्हापूरचं खासबाग मैदान असताना लंडनच्या कुठल्यातरी क्लबात सातशे लोकांसमोर चालणाऱ्या खोट्या मारामारीचं कौतुक कशाला. भाषा तिखट होती, चालतंय. मुद्दे भांडण्यासारखे आहेत हे महत्त्वाचं.

टोमण्याचं आधी उरकतो. कुस्तीवर माझंही प्रेम आहे हो, पण एकाचं लिहिलं की दुसऱ्याचा अपमान होतो हे काही मला पटत नाही. गामा पैलवान 1910 साली लंडनलाच गेला होता, शेफर्ड्स बुशच्या स्टेडियममध्ये झबिस्को हा पोलिश पैलवान त्याच्यासमोर अडीच तासांहून जास्त वेळ मॅटला चिकटून बसला आणि लढत बरोबरीत सुटली, ती काय खासबागेत झाली नव्हती. तेव्हाही लंडनमध्ये रेसलिंग म्हणजे तिकिटाचा धंदाच होता. राहिलं ‘खोटं’. निकाल आधी ठरलेला असतो हे तिकीट काढणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं, त्यामुळे कुणाची फसवणूक होत नाही. पण या ‘खोटं’ची एक खरी किंमत तिथल्या लोकांनी मोजलीये, त्याच्याकडे पुढे येतो, कारण तो भाग तुमच्या माशापेक्षा मोठा आहे.

आता मासा. तुमच्या म्हणण्यात अडचण अशी आहे की तारखा जुळत नाहीत.

प्रोग्रेसचा पहिला शो 25 मार्च 2012 ला झाला, उत्तर लंडनमधल्या द गॅरेज नावाच्या हॉलमध्ये. सुरू करणारे दोघं, जिम स्मॉलमन हा स्टँडअप कॉमेडियन आणि जॉन ब्रायली हा त्याचा एजंट. नंतर ग्लेन जोसेफ आला, तो संगीत नाटकांतला नट. म्हणजे तिघांपैकी एकही पैलवान नाही, टीव्हीवाला नाही, पिढीजात प्रमोटर तर नाहीच. चॅम्पियनला पहिल्या दिवशी बेल्टऐवजी गरुडाचं डोकं असलेला दंडा दिला होता, नेथन क्रूझ तो घेऊन मिरवायचा आणि खरं सांगायचं तर ते जरा विनोदीच दिसायचं, बेल्ट पुढे आला. पण या लोकांना एक गोष्ट पक्की कळली होती, ती म्हणजे त्याच त्या लोकांना परत परत बोलवायचं आणि त्यांना पुढे काय होतंय याची चटक लावायची. म्हणून शोला नंबर, चॅप्टर वन, चॅप्टर टू असं. मग कॅम्डेनचं इलेक्ट्रिक बॉलरूम, रविवारची दुपार, सातशेच्या आसपास माणसं, आणि प्रत्येक शोच्या आधी स्मॉलमन स्वतः माइक घेऊन रिंगमध्ये उभा. नियम काय, तर ओरडा, शिट्ट्या मारा, व्हिलनला हवं ते बोला, पण जात, रंग, बाई, गे असलं काही काढून कुणाला दुखवायचं नाही, थोडक्यात वाह्यातपणा करायचा नाही. त्याने तो इंग्रजीत जास्त रोखठोक सांगितलेला आहे.

त्या खोलीची ताकद किती होती ते जिमी हॅवॉकच्या गोष्टीवरून कळतं. हा माणूस खिळे, काचा, रक्त असल्या मॅचेससाठी प्रसिद्ध. प्रोग्रेसमध्ये त्याला सांगितलं जातं की इथे ते चालणार नाही, साधं रेसलिंग कर. तो करतो, हरतो, परत करतो, परत हरतो, लोकांना त्याची दया यायला लागते, टाळ्या पडायला लागतात. आणि मग नोव्हेंबर 2013 मध्ये हाच माणूस फिरतो, सगळ्यांचा विश्वासघात करून चॅम्पियन होतो आणि 609 दिवस तो किताब सोडत नाही. 609 दिवस! दोनेक महिन्यांतून एखादा मोठा शो असणाऱ्या कंपनीत म्हणजे बघा, तीच सातशे माणसं जवळजवळ दोन वर्षं दर वेळी या आशेने येतायत की आज तरी हा पडेल, आणि तो काहीतरी लबाडी करून वाचतोय. शेवटी 26 जुलै 2015 ला, चॅप्टर 20, विल ऑस्प्रे नावाच्या पोराने त्याला पाडलं. ऑस्प्रे पुढे जपानमध्ये जाऊन केवढा मोठा झाला ते वेगळं सांगायला नको. त्या दिवसाचा आवाज ऐका एकदा, मी मुंबईत लॅपटॉपवर बघितलंय तरी अंगावर काटा आला. असली गोष्ट डब्ल्यूडब्ल्यूईसारखे दर आठवड्याला टीव्हीचे तास भरायचे असतात तिथे होत नाही, तिथे दोन आठवड्यांत सगळ्यांचा धीर संपतो. नंतरच्या काळातही झॅक गिब्सन बोलायला लागला की अख्खा हॉल पायातले बूट काढून हातात धरायचा, त्याचा राग येतो हे दाखवायला, आणि त्या गोंगाटात त्याचं एक अक्षर ऐकू यायचं नाही. हे कुणी शिकवलं नव्हतं, त्या हॉलचं ते स्वतःचं होतं.

बरं, मासा येतो कधी? 31 डिसेंबर 2016 ला आयटीव्ही या ब्रिटिश टीव्ही चॅनेलने आपल्या वर्ल्ड ऑफ स्पोर्ट या जुन्या कार्यक्रमातलं रेसलिंग परत आणायचा प्रयोग केला, एकच स्पेशल शो. त्याच महिन्यात डब्ल्यूडब्ल्यूईने ब्रिटनसाठी वेगळ्या किताबाची घोषणा केली आणि 14 व 15 जानेवारी 2017 ला ब्लॅकपूलच्या एम्प्रेस बॉलरूममध्ये सोळा जणांची स्पर्धा उरकून टाकली, टायलर बेट जिंकला. आयटीव्हीच्या हातात तयार पोरं पडू नयेत हा हिशोब कुणालाही दिसेल. तिथल्या छोट्या कंपन्यांत तेव्हा शोगणिक पैसे घेऊन काम चालायचं, पक्का करार म्हणून काही नाही, त्यामुळे ज्याने कागद पुढे केला त्याला पोरं मिळाली. इथपर्यंत तुमचं आणि माझं एकमत आहे.

पण त्यानंतर प्रोग्रेस आटली का? उलट फुगली. पीट डन मे 2017 मध्ये शिकागोला जाऊन डब्ल्यूडब्ल्यूईचा यूके चॅम्पियन झाला, तेव्हा तो प्रोग्रेसचाही चॅम्पियन होता. सप्टेंबर 2017 ला अलेक्झांड्रा पॅलेससारख्या अवाढव्य जागेत प्रोग्रेसने शो केला, त्याची मेन मॅच याच डनची, ट्रॅव्हिस बँक्सविरुद्ध. वर्षभराने, 30 सप्टेंबर 2018, थेट वेम्बलीचा अरीना, पावणेपाच हजारांच्या घरात लोक. पोस्टरवरचे अर्धेअधिक चेहरे लोकांना डब्ल्यूडब्ल्यूईमुळे माहीत झालेले. म्हणजे गिळणं बाजूला राहिलं, दीड-दोन वर्षं प्रोग्रेस त्यांच्या उजेडात वाढत होती, आणि माझी तक्रार नेमकी तिथेच आहे. शेजारी मोठा बागायतदार आहे, चारा देतो, नाव होतं, म्हणून आपली बैलजोडी त्याच्या गोठ्यात बांधली, तर ऐन पेरणीला ती आपल्याला कधी मिळणार हे तो ठरवणार, त्यात त्याचा काय दोष. जून 2018 ला एनएक्सटी यूके या डब्ल्यूडब्ल्यूईच्या ब्रिटिश शोची घोषणा झाली, ऑक्टोबरपासून शो सुरू, जानेवारी 2019 ला लंडनच्या एनफिल्डमध्ये त्यांचं ट्रेनिंग सेंटर उभं राहिलं. करार हळूहळू आवळत गेले. 2019 मध्ये कुणी कुठे लढायचं यावर बंधनं आली. प्रोग्रेस डब्ल्यूडब्ल्यूईची दोस्त कंपनी म्हणून तिला माणसं मिळत राहिली हे खरं आहे, पण माणूस मिळणं वेगळं आणि त्याच्याभोवती 609 दिवसांची गोष्ट विणता येणं वेगळं. ज्याचं उद्याचं वेळापत्रक आणि हारजीत दुसऱ्याच्या ऑफिसात ठरते त्याला घेऊन तुम्ही हॅवॉकसारखं काही करूच शकत नाही.

वेम्बलीबद्दल माझं मत लेखात होतं तेच आहे. आकडा मोठा, शो ठीक, पण सातशेंच्या हॉलमधली ओढ त्यात नव्हती. आणि आकड्याचंच म्हणाल तर ग्लासगोच्या आयसीडब्ल्यू या तशाच छोट्या कंपनीने 2016 च्या नोव्हेंबरातच हायड्रो नावाच्या अरीनात सहा हजारांहून जास्त लोक जमवले होते, ब्लॅकपूलच्या स्पर्धेच्याही आधी. मोठा हॉल घेणं ही प्रत्येक छोट्या कंपनीची खाज असते, त्याला अमेरिकेहून कुणी यावं लागत नाही.

अजून एक. मासा हेच कारण असतं तर त्याच्या आधीचं काय करायचं? आयटीव्हीवर 1955 पासून रेसलिंग दाखवायचे, शनिवारी दुपारी चारला घराघरात आज्या टीव्हीसमोर बसून ओरडायच्या. तो सगळा बाजार जॉइंट प्रमोशन्स या कंपनीच्या मुठीत. आणि जॉइंटचा मॅक्स क्रॅबट्री सगळ्या मोठ्या मॅच कुणाला देणार, तर स्वतःच्या भावाला, बिग डॅडीला. वय झालेलं, पोट सुटलेलं, येऊन पोटाने धक्का द्यायचा की मॅच खलास. 1981 ला याच वेम्बलीत त्याने जायंट हेस्टॅक्स या दुसऱ्या अगडबंब पैलवानाला हरवलं. खरे कसलेले पैलवान एक तर कंटाळून दुसरीकडे गेले नाहीतर बिग डॅडीसाठी पडत राहिले, आणि 1988 च्या डिसेंबरात आयटीव्हीने कार्यक्रमच बंद केल्यावर त्या कंपनीकडे दाखवायला दुसरं काही नव्हतं. अमेरिकन शो तिथे दिसायला लागले ते अगदी शेवटी शेवटी. म्हणजे टीव्हीच्या एका नळावर जगणं आणि नळ बंद झाला की तडफडणं हे तिथे आधी घडून गेलेलं होतं, स्मॉलमनच्या पिढीला ते पाठ होतं, तरी त्यांनी दुसरा नळ शोधला. यासाठी मी त्यांना जबाबदार धरतो. तुम्हाला तो डब्ल्यूडब्ल्यूईचा बचाव वाटला असेल तर वाटू दे.

आणि 2019 च्या अखेरीस स्मॉलमन स्वतः प्रोग्रेस सोडून एनएक्सटी यूकेत कामाला गेला. तुम्ही म्हणाल, बघा, गिळलाच की. अहो, त्याला कुणी ओढून नेलं नाही. चांगली नोकरी आली, गेला, मीही गेलो असतो. पण प्रत्येक शोला जो माणूस नियम सांगायचा तोच गेल्यावर त्या हॉलचं अर्धं वेगळेपण गेलं, आणि हे कुठल्याही करारापेक्षा मला जास्त लागलं.

आता त्या ‘खोटं’वर. मार्च 2020 ला कोविडमुळे शो थांबले होते, आणि जूनमध्ये स्पीकिंग आउट ही मोहीम सुरू झाली. ब्रिटिश रेसलिंगमधल्या बायका आणि काही पुरुषसुद्धा एकामागोमाग एक बोलायला लागले, ट्रेनिंग स्कूलमध्ये काय चालतं, प्रवासात काय होतं, कोण कुणाचा फायदा घेतं. त्यातली काही नावं प्रोग्रेसमध्ये वर्षानुवर्षं टाळ्या घेणारी होती. वाह्यातपणा करायचा नाही हा नियम जिथे पाटीसारखा मिरवला जायचा त्याच कंपनीबद्दल लोक विचारायला लागले की हा फक्त तिकीट काढणाऱ्यांसाठी होता का, पडद्यामागे काय. प्रोग्रेसने काहींशी संबंध तोडले, पण जी माणसं या नियमावर विश्वास ठेवून यायची त्यांच्या मनातलं ते गेलं ते गेलंच. पुढे ब्रिटिश खासदारांच्या एका गटाने चौकशी करून एप्रिल 2021 ला अहवाल दिला, त्यातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटलेला मुद्दा हा, की प्रोफेशनल रेसलिंग ना खेळ म्हणून मोजलं जातं ना नाटक म्हणून. निकाल ठरलेला म्हणून क्रीडावाले हात वर करतात, मारामारी म्हणून कलावाले. त्यामुळे ट्रेनिंग स्कूल कुणीही काढावं, सोळा-सतरा वर्षांच्या पोरापोरींना कुणीही शिकवावं, विचारणारं कुणी नाही. तर अनामिक, तुम्ही ज्या सहजतेने ‘खोटी मारामारी’ म्हणून हात झटकलेत ना, तसेच तिथल्या यंत्रणेनेही वर्षानुवर्षं झटकले.

राहता राहिलं की कंपनी चालू आहे. आहे ना, मी ‘बंद पडली’ असं कुठे लिहिलंय ते दाखवा. फेब्रुवारी 2021 ला त्यांनी पेकहॅमच्या एका थिएटरमध्ये प्रेक्षकांशिवाय शो सुरू केले, मग मालक बदलले, मग परत इलेक्ट्रिक बॉलरूम. काही नवी पोरं खरंच चांगली आहेत. आणि एनएक्सटी यूके? ते 2022 मध्येच गुंडाळलं, त्याच्या जागी एनएक्सटी युरोप येणार असं सांगितलं होतं, ते काही आलं नाही. म्हणजे तुमच्या गोष्टीतला मासाच आधी गेला. पण 2015 मध्ये तिकिटं सुटली की काही मिनिटांत संपायची आणि इंग्लंडमधला प्रत्येक होतकरू पैलवान इथे एकदा तरी लढायचं स्वप्न बघायचा, ती जागा आता प्रोग्रेसची राहिली नाही. चढ मोजायला आपण तेच माप वापरलं होतं, मग उतार मोजायला ‘अजून शटर उघडं आहे’ हे माप कसं चालेल?

चॅप्टर 20 बघून घ्या, हॅवॉक-ऑस्प्रे, आणि त्याच्या पाठोपाठ वेम्बलीचा शो. याच क्रमाने बघा. मग परत येऊन भांडा, मी इथेच आहे. आणि आयसीडब्ल्यूवर वेगळं लिहा असं खाली दोघातिघांनी म्हटलंय, ते डोक्यात आहे.