एकाहत्तरनंतर एकदम नव्व्याण्णव?

आज २६ जुलै. तालुक्याच्या गावी कारगिल विजय दिनाचा कार्यक्रम होता, आम्हा सगळ्या माजी सैनिकांना बोलावलं होतं, शाल, श्रीफळ, चहा-नाष्टा सगळं व्यवस्थित. पावसानं जरा उघडीप दिली म्हणून शाळेची पोरंही बरीच आली होती, बरं वाटलं बघून. मग सूत्रसंचालन करणाऱ्या मास्तरांनी स्वातंत्र्यानंतर आपल्या जवानांनी लढलेल्या लढायांची यादी वाचली. अठ्ठेचाळीस, बासष्ट, पासष्ट, एकाहत्तर आणि नव्व्याण्णव. टाळ्या. झालं.

मी खुर्चीत बसून वाट बघत होतो की मधे कुठंतरी सत्त्याऐंशी येईल. नाही आलं.

कार्यक्रम संपल्यावर चहाच्या टेबलाजवळ मी मास्तरांना नीट, शांतपणे म्हटलं, सर, श्रीलंका राहिली. ते बिचारे गोंधळले. पण शेजारी एक पोरगा उभा होता, शिकलेला, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो म्हणे, तो पटकन म्हणाला, "काका, ती लढाई आपली कुठं होती, दुसऱ्याच्या देशात जाऊन फुकट गेले ते लोक." आणि परत चहा प्यायला लागला.

मी तिथं काही बोललो नाही. कार्यक्रम कारगिलच्या पोरांचा होता, त्यांच्या घरची माणसं समोर बसली होती, तिथं आवाज चढवणं मला शोभलं नसतं. पण घरी आल्यापासून डोकं शांत होत नाहीये, जेवण गेलं नाही, म्हणून इथं लिहितोय. लांब होईल, ज्याला वेळ आहे त्यानं वाचा.

बाळा, माझ्या डोळ्यांसमोर जो माणूस पडला ना, पाटण तालुक्यातला, त्याच्या आईसमोर उभं राहून हे वाक्य बोलून दाखव. त्या आई आता नाहीत, पण असत्या तर मी तुला आजच्या आज गाडीवर बसवून घेऊन गेलो असतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. २९ जुलै १९८७ ला भारत आणि श्रीलंकेचा करार झाला आणि आपली फौज तिकडं गेली, शांतिसेना म्हणून. सुरुवातीला तिथल्या लोकांनी आम्हाला हार घातले, नारळपाणी दिलं. ऑक्टोबरमध्ये सगळं फिरलं आणि लिट्टेशी, म्हणजे वेगळ्या तमिळ देशासाठी लढणाऱ्या संघटनेशी, लढाई सुरू झाली. ऑपरेशन पवन. आमच्या मराठा पलटणी होत्या, महार होते, मद्रास, शीख लाइट, गोरखा, पॅरा, कोण नव्हतं? मार्च १९९० ला शेवटची तुकडी परत आली तोपर्यंत आपले जवळजवळ १२०० जण गेले होते. कारगिलला ५२७ गेले. मी तुलना करत नाही, कारगिलच्या पोरांनी त्या उंचीवर जे केलं त्याला माझा सॅल्यूट आहे आणि मरेपर्यंत राहील. पण बाराशे माणसं गेलेली लढाई शाळेच्या यादीत नाही म्हणजे काय?

उत्तर श्रीलंकेतल्या जाफन्याच्या विद्यापीठावर ऑक्टोबरच्या रात्री हेलिकॉप्टरनं १३ शीख लाइट इन्फंट्रीचे ३० जण उतरले. त्यातले २९ गेले, एक कैदी झाला. २९! गोळ्या संपेपर्यंत लढले. कुणाच्या तरी तोंडून ही गोष्ट शाळेत ऐकलीय का तुम्ही?

आणि आमच्या मुंबईचा माणूस तर सगळ्यांना पाठ पाहिजे. मेजर रामस्वामी परमेश्वरन, जन्म मुंबईचा, शिक्षण मुंबईत, ८ महारचे. २५ नोव्हेंबर १९८७, रात्री सर्च करून परत येताना त्यांच्या टोळीवर अ‍ॅम्बुश लागला. साहेबांनी घाबरून न जाता मागून वळसा घालून दुश्मनाला घेरलं, हातघाईची लढाई झाली, छातीत गोळी लागली तरी ज्यानं गोळी घातली त्याचीच रायफल हिसकावून त्याला आडवा केला आणि शेवटपर्यंत पोरांना ऑर्डर देत राहिले. परमवीर चक्र. त्या सगळ्या ऑपरेशनमधलं एकमेव. महार रेजिमेंट उभी राहिली बेळगावात, १९४१ ला, साहेब मुंबईचे, आणि आमच्याच महाराष्ट्रातल्या स्टेजवर त्यांचं नाव येत नाही.

आता तो पोरगा म्हणाला ते, की लढाई आपली नव्हती. ठीक आहे. राजकारण चुकलं असेल, ज्यांच्याशी लढलो त्यांना आधी आपल्याच लोकांनी ट्रेनिंग दिलं होतं हे पण खरं, आणि तिथल्या साध्या लोकांनी आमच्या पायी सुद्धा भोगलं, त्यांच्याही घरातली माणसं गेली, मी नाही म्हणत नाही. पण शिपाई लढाई निवडतो का? पलटणीचे सीओ साहेब फॉलिनमध्ये, रांगेत उभं करून, सांगतात सामान बांधा, की बांधायचं. आम्हाला विमानात बसवलं तेव्हा पलालीला, जाफन्याजवळच्या विमानतळावर, उतरणार एवढंच कळलं होतं. बासष्टला गेलेल्यांना कुणी विचारलं होतं का, एकाहत्तरला ढाक्याला गेले ते तरी कुणाच्या देशात लढले? तिथं जिंकलो म्हणून ते आपलं आणि इथं निकाल लागला नाही म्हणून हे कुणाचंच नाही, हा हिशोब मला मान्य नाही.

माझा जोडीदार. नाव इथं लिहीत नाही, घरच्यांना विचारलेलं नाही. आम्ही बेळगावला सेंटरला एकत्र रगडलो, एकाच पलटणीत आलो, एकाच सेक्शनमध्ये, बडी होतो एकमेकांचे. जाफन्यातल्या गल्ल्या अशा होत्या की दोन्ही बाजूंना ताडाच्या पानांची कुंपणं, पलीकडं काय आहे दिसत नाही, त्यांच्याकडं एके-४७ आणि आमच्याकडं एसएलआर रायफल, एकेक गोळी सोडणारी. वर ऑर्डर अशी की लोकवस्ती आहे, मोठी हत्यारं वापरायची नाहीत. बरोबरच होती ती ऑर्डर, पण तिची किंमत पायदळानं भरली. रस्त्याच्या मोऱ्यांत सुरुंग पुरलेले असायचे, वायर लांब कुठंतरी बागेत नेलेली. त्या दिवशी सकाळी आम्ही एका वळणावर होतो, तो माझ्या पुढं दहा-बारा पावलं. झाडावरून गोळी आली. एवढंच. बाकीचं मी आजवर घरात पण सांगितलेलं नाही आणि इथंही सांगणार नाही.

तेव्हा आत्तासारखं शव गावी यायचं नाही हो. आज तिरंग्यात गुंडाळून आणतात, सगळा तालुका लोटतो, बंदुकांची सलामी होते, आई शेवटचं तोंड तरी बघते. कारगिलपासून हे सुरू झालं आणि फार चांगलं झालं. त्याचा अंत्यविधी तिकडंच आम्ही केला. घरी तार गेली, मग अस्थी, मग त्याची काळी ट्रंक. आईनं मुलगा म्हणून जे बघितलं ते ट्रंकेतलं सामान. दोन ड्रेस, दाढीचा डबा, पत्रं, चहाचा मग.

मी पहिल्या सुट्टीत घरी आलो आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या गावी गेलो. कोयनेच्या बाजूला, वरच्या वाडीत, एसटी खाली सोडते आणि मग चढायचं. मी मनात काय काय जुळवून गेलो होतो, शौर्य, देश, पलटणीला अभिमान, सगळं. आईनं मला बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "त्या दिशी जेवला हुता का रं माझा?"

मी म्हटलं हो आई, जेवला होता. खोटं नाही सांगितलं. पहाटे आम्हाला चहा आणि शक्करपारे मिळाले होते आणि त्यानं खाल्ले होते, माझ्यातले पण खाल्ले होते. मी ते सगळं सांगितलं, चहा गरम होता का हे पण त्यांनी विचारलं. गरम होता. मग त्या रडल्या नाहीत, उठून चुलीपाशी गेल्या आणि मला भाकरी करून वाढली.

पुढच्या वर्षी गेलो, परत तेच. जेवला हुता का? परत मी तेच सांगितलं. मला वाटलं वय झालंय, विसरतात. त्यांच्या थोरल्या मुलानं मला अंगणात सांगितलं, की शेवटच्या सुट्टीवरून परत जाताना तो एसटी चुकेल म्हणून न जेवताच पळाला होता, फडक्यात बांधलेली भाकरी ओट्यावर तशीच राहिली होती. आई विसरत नव्हत्या. त्यांना दरवर्षी परत ऐकायचं होतं. मग मी दरवर्षी जाऊन सांगायचो. आमच्या ऑपरेशनचं माझ्याकडून जे रिपोर्टिंग झालं ते एवढंच, आणि ते मी एकदाही चुकवलं नाही.

फुकट गेला म्हणतो! कुणाच्या जिवावर बोलतोस रे?

जाऊ दे. आवाज चढतोय माझा लिहिताना पण.

पेन्शनवर आलो तेव्हा पस्तिशीत होतो. हे पण लोकांना कळत नाही, की शिपाई तरुण वयात रिकामा होतो, पोरं लहान असतात, पेन्शन तेव्हा तुटपुंजी. पुण्याला एका कंपनीच्या गेटवर उभा राहिलो बरीच वर्षं. कामाची लाज नाही, गेटवरची ड्युटी पण मी पलटणीतल्या गार्डसारखी केली. रस्त्यात पाइपलाइनसाठी खोदून ताजी माती ओढलेली दिसली की मी अजून गाडी थांबवतो, बाजूनं जातो, मुलगा मागं बसला असेल तर काही न बोलता तोही थांबतो आता. बायको मला हात लावून उठवत नाही, दारातून नाव घेऊन हाक मारते, लग्न झाल्यावर थोड्याच दिवसांत तिला ते समजलं, कुणी शिकवलं नव्हतं. आम्हाला तेव्हा कुणी डॉक्टरनं विचारलंच नाही की झोप लागते का. आता ईसीएचएसमध्ये, माजी सैनिकांच्या दवाखान्यात, विचारतात म्हणे, चांगलं आहे, नव्या पोरांना मिळू दे.

पण यातलं काहीच मला तेवढं लागलं नाही जेवढं हे लागतं, की विचारणाराच नाही. कारगिलचा जवान म्हटलं की लोक उभे राहतात, आणि राहिलंच पाहिजे. मी श्रीलंकेत होतो म्हटलं की समोरचा विचारात पडतो. काही जण विचारतात, तिकडं कशाला गेला होता? मार्च १९९० ला शेवटची तुकडी मद्रासला उतरली तेव्हा तिथले मुख्यमंत्री स्वागताला आले नव्हते. ते त्यांचं राजकारण. पण आपण सातारकर, कोल्हापूरकर, रत्नागिरीकर, ज्यांच्या घराघरांत वर्दी टांगलेली आहे, आपण तर विसरायला नको होतं ना? अपशिंगे मिलिटरीसारखी गावं ज्या जिल्ह्यात आहेत त्या जिल्ह्यात?

दिल्लीला राष्ट्रीय समर स्मारक झालं २०१९ ला, तिथं भिंतीवर आमच्या लोकांची नावं आहेत, मान्य. मी जाऊन त्याचं नाव शोधलं, हात लावून आलो, फोटो काढून त्याच्या भावाला पाठवला. मेजर साहेबांचा पुतळाही आहे तिथं, अंदमानातल्या एका बेटाला त्यांचं नाव दिलंय. पण तुम्हाला माहितीय का, त्याच्या कितीतरी आधी श्रीलंकेच्या सरकारनं कोलंबोजवळ, त्यांच्या संसदेच्या बाजूला, आपल्या शांतिसेनेचं स्मारक बांधलं, नावांसकट. आपले पंतप्रधान तिथं जाऊन फुलं वाहून आलेत, २०१५ ला आणि परत २०२५ ला. ज्यांच्या देशात आम्ही लढलो त्यांनी आधी दगडावर नावं कोरली, आणि आपल्या तालुक्याच्या स्टेजवर ती अजून वाचली जात नाहीत.

त्या पोराचा राग आता तसा राहिला नाही. त्याला कुणी शिकवलंच नाही तर त्यानं कुठून आणायचं? पुस्तकात एक-दोन ओळी असतील, त्यात पण करार आणि राजकारण. त्या गल्लीतल्या सकाळबद्दल त्याला सांगायचं काम आमचं होतं, आणि आमच्यातले बहुतेक गप्प बसले, कारण विचारल्याशिवाय सांगायची सवय फौजेत लावत नाहीत. तो भेटला तर मी त्याला घरी जेवायला बोलावणार आहे. खरंच सांगतोय. बोलावणार आणि सगळं सांगणार.

हे लिहिता लिहिता मधे मास्तरांना फोन केला. भला माणूस, लगेच म्हणाले, "चुकलं आमचं, तुम्ही नावांची यादी द्या, पुढच्या वर्षी मी स्वतः वाचतो, उभं राहून वाचतो." तर आता यादी करायची आहे. आपल्या जिल्ह्यातले, आजूबाजूचे, १९८७ ते ९० मधे श्रीलंकेत गेलेले आणि परत न आलेले. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मी सोमवारी जातोच आहे, पण कागदावर गावं जुनी असतात, कुटुंबं हललेली असतात, त्यामुळं तुमची मदत लागेल. पाटण, जावळी, कोरेगाव, खटाव, माण, तिकडं चंदगड, गडहिंग्लज, खाली खेड, चिपळूण, कुणाच्या भावकीत, कुणाच्या शेजारी असं घर असेल तर मला कळवा. महार, मराठा, इंजिनिअर, सिग्नल, तोफखाना, कुठलीही पलटण असू दे. आणि २५ नोव्हेंबरला सकाळी आपण सगळे तहसील कचेरीजवळच्या स्तंभापाशी जमूया, आमंत्रणाची वाट न बघता, ज्याच्याकडं मेडल आहेत त्यानं मेडल लावून.

नाव, गाव, पलटण. एवढं लिहिलं तरी चालेल. आर्मी नंबर माहीत असेल तर तोही. फोटो असेल तर व्हॉट्सअ‍ॅपला पाठवा, माझा नंबर तुमच्याकडं आहेच.