पाणी वाढालंय

"पाणी दोन इंचानं वाढलंय," बायकोचा ऑफिसात फोन आला.

बाहेर एप्रिलचं ऊन मी म्हणत होतं. शेजारच्या टेबलावरच्या साहेबांनी दचकून खिडकीतून आभाळाकडे बघितलं. मी शांतपणे विचारलं, "कुठपर्यंत आलंय?"

"सेट-टॉप बॉक्स गेला. आता डायनिंग टेबलाच्या कडेला लागलंय."

"टेबलावर काय आहे?"

"आईंचा चष्मा. होता."

हे पाणी म्हणजे आमची बारकी. वय तेरा महिने. तिचं पाळण्यातलं नाव वेगळं आहे, दोन महिने भांडून ठेवलेलं आहे. पण कोल्हापुरात घरातल्या सगळ्यात लहान जिवाला बारकं म्हणायची पद्धत, तेच चिकटलं.

आम्ही शाहूपुरीतले, कुंभार गल्लीच्या अंगाचे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ वर गेली की धोका, हे आमच्याकडे पाढ्यांच्या आधी पाठ होतं. २०१९ आणि २०२१ला तर पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं. दोन्ही वेळा आम्ही विटांवर कॉट, कॉटवर टेबल, टेबलावर फ्रीज असा मनोरा रचून, उरलेलं माळ्यावर टाकून पाहुण्यांकडे गेलो होतो. त्यामुळे बारकी आठव्या महिन्यात सोफ्याला धरून पहिल्यांदा उभी राहिली, आम्ही दोघं कौतुकानं टाळ्या वाजवत बसलो, तेव्हा आई फक्त एवढंच म्हणाली, "चढालंय. विटा काढा."

बायको पुण्याची. तिच्या माहेरी धरण भरलं की पेढे वाटायचे बाकी ठेवतात, टीएमसीचे आकडे क्रिकेटच्या स्कोअरसारखे विचारतात. आमच्याकडे धरण भरलं की माळ्याची शिडी शोधतात. लग्नाला चार वर्षं झाली तरी तिला हे पटत नव्हतं. बारकीनं पटवलं.

लोकांच्या घरी दाराच्या चौकटीवर पोराची उंची लिहितात. आमच्या स्वयंपाकघराच्या चौकटीवर बारकीचा हात कुठवर पोचतो ते लिहिलेलं आहे. ३० इंचांवर निळ्या पेनाची रेघ, म्हणजे डायनिंग टेबल. ३४ वर लाल रेघ, म्हणजे गॅसचा ओटा. निळ्या पूररेषेच्या आत जसं बांधकाम चालत नाही, तसं आमच्याकडे निळ्या रेघेखाली काचेची वस्तू चालत नाही. (शहरातली निळी रेषा कोण किती पाळतं ते जाऊ द्या. आमच्याकडे कडक अंमलबजावणी आहे.) सध्याची पातळी, टाचा उंचावून, ३२ इंच.

पाणी नुसतं वाढत असतं तर सोसलं असतं. पण बारकी दर आठवड्याला एक नवी कला शिकते आणि प्रत्येक कलेमागे घरातली एक सोय जाते.

आधी आली चिमूट. अंगठा आणि तर्जनी जुळवून बारीक वस्तू उचलणं, ही मेंदू आणि हाताची केवढी मोठी झेप आहे, असं डॉक्टरांनी समजावलं तेव्हा ऊर भरून आला होता. पण बारीक वस्तू म्हणजे काय काय, हे कुणी सांगितलं नव्हतं. सोफ्याखालची मोहरी. गेल्या महिन्यातल्या भडंगातला शेंगदाणा. चालती मुंगी. केरसुणीला, व्हॅक्यूमला आणि कामवाल्या मावशींना जे तीन वर्षांत सापडलं नाही ते हिला बसल्या जागी सापडतं आणि चिमटीतून थेट तोंडात जातं. परिणामी मीही एक कला शिकलो. जेवता जेवता, फोनवर बोलता बोलता, डाव्या हाताची करंगळी वाकवून पोराच्या गालातून शेंगदाणा बाहेर काढणं. माझी झेप कुठल्याच तक्त्यात नाही.

मग टाकणं. उंच खुर्चीत बसवून पोळीचा तुकडा हातात दिला की ती तो हात बाहेर काढून, बोटं उघडून, खाली सोडते. मग वाकून बघते. मग माझ्याकडे बघते. मी उचलून देतो. पुन्हा. ज्याँ पियाजे नावाच्या स्विस मानसशास्त्रज्ञानं स्वतःच्या तीन लेकरांचं असंच निरीक्षण करून सांगितलं, की बाळ वस्तू पुन्हा पुन्हा टाकतं तेव्हा ते प्रयोग करत असतं. मान्य. पण तो वहीत नोंद करत असताना खाली पडलेलं उचलत कोण होतं?

ट्रॉल्यांचं प्रकरण त्यानंतरचं. राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाण्याचा दाब आला की आपोआप उघडतात, कुणाची परवानगी लागत नाही. आमच्या ओट्याखाली ट्रॉलीचे सहा कप्पे आहेत. सकाळी सव्वानऊला पहिला उघडतो. "दोन नंबर उघडला," बायको बाथरूमच्या दाराशी येऊन सांगते. मी तोंडाला साबण लावून बाहेर येईपर्यंत चार उघडलेले असतात आणि तिसऱ्यातून मसूर आणि मटकीचा विसर्ग चालू झालेला असतो. कप्प्यांना लावायची प्लॅस्टिकची कुलपं आणली. ती बारकीला तीन दिवसांत उघडता आली. आईला अजून येत नाहीत. मधल्या काळात आम्ही वरण बिनहिंगाचं खाल्लं.

टाटा करणं, टाळ्या वाजवणं, नाक दाखवणं, ह्याही कला तिला येतात, पण ती खासगी बैठक असते. पाहुण्यांसमोर ती न्यायाधीशासारखी बसते. परवा आत्या आल्या. बारकीनं टाटा केलं नाही. आत्यांनी चहाचा घोट घेऊन मूळ मुद्द्याला हात घातला, "अजून चालत न्हाई?"

मी म्हणालो, जागतिक आरोग्य संघटनेनं २००६ मध्ये सांगितलंय, एकट्यानं चालायला पोरं साधारण आठव्या महिन्यापासून अठराव्यापर्यंत कधीही लागतात, काळजीचं कारण नाही.

आत्या म्हणाल्या, "त्या संघटनेला पोरं किती?"

दुसऱ्या दिवशी आईनं माळ्यावरून पांगुळगाडा काढायला लावला. माझाच. सावंतवाडीहून आणलेला, तीन चाकं, दांड्यावर पोपट. पोपटाची चोच मी खाल्ली असं घरात सांगतात. दोन्ही पुरांत माळ्यावर होता म्हणून वाचला. आईनं खोबरेल लावून चाकं पुसली, तरी मागचं डावं चाक कुईं करतंच. ह्याच गाड्याला धरून मी अकराव्या महिन्यात चाललो होतो, असं आईनं बारकीला सांगितलं. बारकीनं गाडा ढकलला नाही. तिनं त्याला प्रदक्षिणा घातली आणि त्यात कांद्याची टोपली ठेवली. त्या आठवड्याची कला होती 'आत ठेवणं'. तांब्यात मोजा, कपाटाची किल्ली गव्हाच्या डब्यात, आईची जपमाळ माझ्या बुटात. जपमाळ पायाला लागल्यावर मी जे बोललो ते आईनं देवाच्या नावात धरलं नाही.

रविवारी दुपारी आम्ही तिघंही एकाच खोलीत, एकाच वेळी, डोळे मिटून पडलो. चूक इथेच झाली. स्वयंपाकघरातून चाकाचा आवाज आला, कुईं, आणि थांबला. आवाजाची काळजी नसते. थांबल्याची असते.

धावत गेलो. गाडा ओट्याच्या कोपऱ्यात दोन्ही बाजूंनी घट्ट अडकलेला. त्याच्या खालच्या आडव्या दांड्यावर बारकी टाचा उंचावून उभी. दांडा पाच इंच, ती बत्तीस. चौकटीवरची लाल रेघ पाण्याखाली गेली होती. ओट्याच्या कडेला मी स्वतःच्या हातानं चार्जरवरून काढून ठेवलेला मोबाईल होता, तो जागेवर नव्हता. शेजारी विरजण लावलेल्या दुधाचं वाडगं. पुरात पंचगंगा घाटावरच्या देवळांची नुसती शिखरं दिसतात ना, तसा दुधातून मोबाईलचा एक कोपरा वर आलेला. त्यावरचा कॅमेरा अजून बघत होता.

बारकीनं माझ्याकडे बघितलं. स्वतःसाठी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवायला हात सुटले, तेव्हा मी तिला वरच्यावर झेललं.

मोबाईल तांदळात पुरला. दही आईनं फेकू दिलं नाही, झाडांना घातलं. बायकोनं काही न बोलता स्टूल घेतलं आणि उरलेलं सगळं वर चढवलं. तिचा फोन, आईचा साधा फोन, टॅब, रिमोट, नवा चष्मा, सगळं बेडरूमच्या कपाटावर. सात फूट. पुण्याची पोरगी अखेर पूरग्रस्त झाली, ह्याचा आईला मनातून आनंद झालेला दिसला.

रात्री साडेआठला आम्ही हॉलमध्ये फरशीवर बसलो होतो. घर असं रिकामं, की दिव्याच्या बटणाचा आवाज घुमत होता. बारकी सोफ्याला धरून उभी होती. तिनं सोफा सोडला. आम्हाला वाटलं आता बसेल. ती बसली नाही. दोन्ही हात वर करून, पोट पुढे काढून, तिनं एक पाऊल टाकलं. मग दुसरं. मग एक तिरपं. आई "आता गं बया" म्हणून तोंडावर हात धरून बसली. बायको ओरडली, "व्हिडिओ! व्हिडिओ काढ!"

मी बेडरूमकडे पळालो. स्टूल स्वयंपाकघरात होतं. स्वयंपाकघराकडे पळालो. स्टूल घेऊन बेडरूममध्ये आलो, चढलो, चष्मा हाताला लागला, रिमोट लागला, फोन पार मागे भिंतीला. हॉलमधून आवाज येत होता, "पाच! सहा!" फोन घेऊन बाहेर आलो तेव्हा बारकी खाली बसून मुंगी खात होती.

आम्ही तिला पुन्हा उभं केलं. पांगुळगाडा दाखवला. पोपट दाखवला. लाच म्हणून रिमोट दाखवला. बसल्या जागेवरून तिनं आम्हाला टाटा केलं.

बायको रडवेली झाली. तिची आई तिकडे रोज विचारते, तिला काय पाठवायचं? आईनं जरा विचार केला, दाराकडे बघून आवाज बारीक केला.

"आज चालली म्हणून कुणाला बोलू नका. उद्या चालंल, ते काढा, आणि तीच पहिली पावलं म्हणून सांगा. आत्याला तर परवाच सांगा."